आठ हजार सहाशे कोटी पेशी आणि हिराइसांचा पाठ

चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला दिल्लीच्या फौजा देवगिरीवर पुन्हा पुन्हा चालून आल्या आणि गोदाकाठची सगळी घडी विस्कटली. त्या धामधुमीत महानुभाव पंथाची एक पोथी गेली. ती लीळाचरित्राची होती. पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी पैठणला काय बोलले, वेरूळच्या मुक्कामात कोण भेटायला आलं, कुणाच्या प्रश्नाला काय उत्तर मिळालं, अशा शेकडो प्रसंगांचा हा संग्रह मराठीतला पहिला मोठा गद्य चरित्रग्रंथ मानला जातो. सन १२७४ च्या सुमारास स्वामी निघून गेले. त्यानंतर काही वर्षांनी म्हाइंभटांनी माणसामाणसाला गाठून, विचारून तो सिद्ध केला होता. आता तोच हाती राहिला नव्हता.

पंथाच्या माणसांनी तो पुन्हा लिहिला. समोर प्रत नव्हती. ज्यांना पोथी मुखोद्गत होती त्यांनी ती सांगितली आणि इतरांनी उतरवून घेतली. या सांगणाऱ्यांत एक नाव आजही आदरानं घेतलं जातं, ते हिराइसांचं. परंपरा त्यांना एकपाठी मानते. त्यांच्या आठवणीतून आलेला पाठ पुढे ‘हिराइसा पाठ’ म्हणूनच ओळखला गेला.

छत्रपती संभाजीनगरहून पैठण, वेरूळ, दौलताबाद ही तिन्ही ठिकाणं एका दिवसात पाहून होतात. याच मुलखात घडलेले प्रसंग एका बाईच्या डोक्यातून, ओळीमागून ओळ, परत कसे आले असतील? वर्षानुवर्षं डोळ्यांआड असलेली आठवण नेमकी हवी तेव्हा वर येते, तेव्हा मेंदूत काय होतं? याचं उत्तर शोधायला गेलं की पहिल्याच पावलावर आकडे अंगावर येतात.

मोजायला बसलं तर

माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. ब्राझीलच्या सुझाना हेर्क्युलानो-हौझेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये हा आकडा मांडला. त्याआधी सगळीकडे दहा हजार कोटी असा गोल आकडा सांगितला जायचा, आणि तो कुणी मोजून काढलेला नव्हता.

८,६०० कोटी म्हणजे किती? २०११ च्या जनगणनेत आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या महापालिका क्षेत्राची लोकसंख्या ११ लाख ७५ हजार होती. तेवढ्या वस्तीची ७३ हजार शहरं भरतील इतक्या पेशी एका कवटीत आहेत. सेकंदाला एक या गतीनं, न झोपता, न थांबता मोजत गेलं तर २,७०० वर्षांहून अधिक काळ लागेल. आज मोजणी संपवायची असेल तर ती इसवी सनापूर्वी ७०० च्या आसपास सुरू करायला हवी होती, म्हणजे पितळखोऱ्याच्या लेण्यांवर पहिली छिन्नी पडण्याच्या जवळजवळ पाचशे वर्षं आधी.

आणि पेशी मोजून काम संपत नाही. आठवण पेशीत एकटी बसत नाही, ती पेशी-पेशींमधल्या जोडांत असते. या जोडांना चेतासंधी म्हणतात आणि मेंदूतली त्यांची संख्या ढोबळमानानं एक कोटी गुणिले एक कोटी, म्हणजे एकावर चौदा शून्यं, इतकी धरली जाते. सेकंदाला एक या हिशोबानं त्या मोजायला ३१ लाखांहून अधिक वर्षं लागतील. इथिओपियात सापडलेला ‘ल्यूसी’चा सांगाडा साधारण ३२ लाख वर्षांपूर्वीचा आहे. मोजणी तिच्या काळात सुरू झाली असती, तर आता कुठे आटोपत आली असती.

हा सगळा पसारा दीड किलोच्या आतला. शरीराच्या वजनात त्याचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास, पण शरीराच्या ऊर्जेतला पाचवा हिस्सा तो एकटा घेतो. तरीही एकूण खर्च वीसेक वॅटचा, म्हणजे घरातल्या एका एलईडी ट्यूबइतका. हिराइसांनी पोथी सांगितली ती एवढ्याच विजेवर.

एक घन मिलिमीटर

इतके मोठे आकडे डोक्यात मावत नाहीत, म्हणून एक लहानसा तुकडा घेऊ. २०२४ मध्ये हार्वर्ड विद्यापीठ आणि गुगल यांच्या शास्त्रज्ञांनी माणसाच्या मेंदूच्या एका घन मिलिमीटरचा संपूर्ण नकाशा प्रसिद्ध केला. अपस्माराच्या शस्त्रक्रियेत ४५ वर्षांच्या एका स्त्रीच्या मेंदूचा जो बारीकसा भाग काढावा लागला होता, त्यातला हा तुकडा. त्याचे पाच हजारांहून अधिक काप केले गेले. प्रत्येक काप सुमारे ३० नॅनोमीटर जाडीचा होता. मग प्रत्येक कापाचं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली छायाचित्र घेतलं आणि संगणकानं ती चित्रं एकमेकांवर रचून आतले धागेदोरे ओळखले.

त्या कणभर जागेत सुमारे ५७ हजार पेशी निघाल्या. २३ सेंटिमीटर भरतील इतक्या रक्तवाहिन्या निघाल्या. चेतासंधी होत्या सुमारे १५ कोटी. काही ठिकाणी दोनच पेशी एकमेकींना पन्नासाहून अधिक जागी जोडलेल्या सापडल्या. असं कशासाठी असावं, हा प्रश्न संशोधकांपुढे नव्यानं उभा राहिला. आणि या तुकड्याची चित्रं साठवायला १,४०० टेराबाइट जागा लागली.

मेंदूचं आकारमान साधारण १२ लाख घन मिलिमीटर. याच तपशिलानं पूर्ण मेंदू टिपायचा म्हटलं तर सरळ गुणाकारानं १६८ कोटी टेराबाइट लागतील. भारतातल्या प्रत्येक माणसाच्या हातात एकेक टेराबाइटची हार्ड डिस्क दिली तरी जागा कमी पडेल.

इतकं करूनही त्या चित्रांत आठवण दिसत नाही. रचना दिसते. आठवण दडलेली असते ती प्रत्येक जोडाच्या ताकदीत: कुठला जोड भक्कम, कुठला लेचापेचा. अमेरिकेतल्या साल्क संस्थेच्या गटानं उंदराच्या मेंदूत पाहिलं तेव्हा या जोडांच्या आकाराच्या किमान २६ वेगळ्या पायऱ्या ओळखता आल्या. म्हणजे जोड नुसता चालू किंवा बंद नसतो. त्यात बारकावे असतात.

यापुढची गोष्ट जास्त चक्रावणारी आहे. या जोडांतली बहुतेक प्रथिनं काही दिवसांत ते काही आठवड्यांत मोडतात आणि त्यांच्या जागी नवी येतात. सरासरी पंधरवडा धरला तरी तीस वर्षांत हा बदल सातशेहून अधिक वेळा होतो. ऐकलं तेव्हाचं द्रव्य सांगण्याच्या वेळी जवळजवळ उरलेलंच नसतं. टिकून राहते ती मांडणी.

धागा सापडतो कसा

आता प्रत्यक्ष आठवण्याकडे वळू. दोन्ही कानांच्या आतल्या बाजूला, मेंदूच्या खोल भागात, जेमतेम चार-पाच सेंटिमीटर लांबीचा एकेक अवयव असतो. त्याला हिप्पोकॅम्पस म्हणतात. त्याचं महत्त्व कळलं ते एका माणसाच्या दुर्दैवातून. १९५३ मध्ये अमेरिकेत हेन्री मोलेसन या तरुणाचा अपस्मार थांबावा म्हणून त्याच्या मेंदूतला दोन्ही बाजूंचा हा भाग मोठ्या प्रमाणावर काढून टाकला. त्यानंतर २००८ मध्ये मृत्यू येईपर्यंत, पंचावन्न वर्षं, त्याच्या मनात कुठलाही नवा प्रसंग टिकला नाही. लहानपणीच्या बऱ्याच गोष्टी मात्र शाबूत होत्या. मृत्यूनंतर त्याच्या मेंदूचे २,४०१ काप करून ते जपून ठेवले गेले. त्याच्यामुळे जगाला कळलं की नवी आठवण रुजायला हिप्पोकॅम्पस लागतो, पण कालांतरानं तिचा मोठा भाग मेंदूच्या बाहेरच्या थरांत, बाह्यकात, पसरतो.

पसरलेली आठवण गोळा करायची म्हणजे धागा हवा. कुणीतरी एक शब्द उच्चारतं, एखादा वास येतो, एखादं देऊळ दिसतं. त्या एका तुकड्यावरून बाकीचं चित्र पुरं व्हावं लागतं. हिप्पोकॅम्पसमधल्या ‘सीए३’ नावाच्या पट्ट्याकडे हे काम असावं, अशी मांडणी डेव्हिड मार या तरुण ब्रिटिश शास्त्रज्ञानं १९७१ मध्ये केली आणि पुढच्या प्रयोगांनी तिला बळ दिलं. माणसाच्या मेंदूत या पट्ट्यात एका बाजूला साधारण २७ लाख पेशी असतात. आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ मध्ये ३७ लाख होती. म्हणजे कुठलाही जुना प्रसंग पुरा करण्याचं काम जिल्ह्याच्या लोकसंख्येपेक्षाही कमी पेशींच्या एका वस्तीवर येऊन पडतं.

हे साधतं, कारण ही वस्ती आपापसात विलक्षण जोडलेली आहे. उंदरात मोजलं तर या पट्ट्यातल्या एकेका पेशीवर तिच्याच भाऊबंदांकडून आलेल्या बारा हजारांच्या घरात चेतासंधी असतात. एखाद्या प्रसंगाच्या वेळी ज्या पेशी एकदम जाग्या झाल्या, त्यांचे आपसातले जोड घट्ट होतात. पुढे त्यातल्या मूठभर पेशी जरी चेतल्या, तरी त्या बाकीच्यांना उठवतात. मग त्यांचा निरोप बाह्यकापर्यंत जातो, आणि तो प्रसंग पाहताना, ऐकताना जे भाग चेतले होते त्यांतले पुष्कळसे पुन्हा चेततात.

हे घडताना पकडताही आलं आहे. अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूत निदानासाठी बारीक तारा बसवतात. अशा रुग्णांच्या संमतीनं कॅलिफोर्नियात आणि इस्रायलमध्ये काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी त्यांना पाच-दहा सेकंदांच्या चित्रफिती दाखवल्या. थोड्या वेळानं विचारलं, काय काय पाहिलंत, आठवेल तसं सांगा. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा: एखादी फीत पाहताना जी पेशी चेतली होती, तीच पेशी ती फीत आठवताना पुन्हा चेतली, आणि माणसानं तोंड उघडण्याच्या साधारण दीड सेकंद आधी. २०१९ मध्ये दुसऱ्या एका अभ्यासात दिसलं की आठवण ओठांवर येण्याच्या एक-दोन सेकंद आधी हिप्पोकॅम्पसमध्ये अतिजलद लहरींचे झटके वाढतात. एकेक झटका सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही लहान असतो. ‘अरे हो, आठवलं!’ असं आपण म्हणतो, त्याआधी आत बरंच काही उरकलेलं असतं.

एकूण वेळापत्रक साधारण असं आहे. खूण कानावर किंवा डोळ्यांवर पडल्यापासून अर्ध्या सेकंदात निरोप हिप्पोकॅम्पसमध्ये काम सुरू करतो. पुढच्या एका सेकंदात बाह्यकात प्रसंग उभा राहू लागतो. गंमत त्याच्या क्रमात आहे. समोरची वस्तू पाहताना आधी रंग, रेषा, आकार कळतात आणि मग ती काय आहे ते कळतं. आठवताना उलटं होतं. आधी अर्थ येतो, रंगरूप मागाहून. ब्रिटनमधल्या मारिया विम्बर यांच्या गटानं हे २०१९ मध्ये दाखवलं. आजीला विचारलं की लग्नात काय झालं होतं, तर ती आधी ‘मानपानावरून रुसवा झाला’ हे सांगते आणि शालूचा रंग थोड्या वेळानं.

दिवसाला सोळा हजार वेळा

हे फक्त जुन्या प्रसंगांपुरतं नाही. आपण बोलतो तो प्रत्येक शब्दही दीर्घकालीन स्मृतीतूनच येतो. अमेरिका आणि मेक्सिकोतल्या ३९६ विद्यार्थ्यांच्या अंगावर ध्वनिमुद्रक लावून केलेल्या एका अभ्यासात माणूस दिवसाला सरासरी १६ हजार शब्द बोलतो असं दिसलं, आणि स्त्री-पुरुषांत त्यात मोठा फरक निघाला नाही. साठ वर्षांचा हिशोब केला तर ३५ कोटी शब्द होतात. ओघात बोलताना आपण सेकंदाला दोन-तीन शब्द काढतो, तेही हजारो शब्दांच्या साठ्यातून, आणि चुकीचा शब्द निघण्याचं प्रमाण हजारात एक-दोन इतकंच. एखादं नाव जिभेवर येऊन अडलं की आपल्याला चिडचिड होते. न अडता आलेल्या त्या बाकीच्या कोट्यवधी शब्दांची दखलही आपण घेत नाही.

साठवण्याच्या क्षमतेबद्दलही असंच. लायोनेल स्टँडिंग यांनी १९७३ मध्ये लोकांना पाच दिवसांत दहा हजार छायाचित्रं दाखवली, प्रत्येक काही सेकंद. नंतर पाहिलेलं आणि न पाहिलेलं अशी जोडी समोर ठेवल्यावर ८३ टक्के वेळा बरोबर चित्र निवडलं गेलं. हॅरी बाहरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये ३९२ जणांना त्यांच्या शाळासोबत्यांचे जुने फोटो दाखवले. शाळा सोडून ३५ वर्षं झालेल्यांनीही दहातले नऊ चेहरे ओळखले. पण फोटो न दाखवता ‘नावं सांगा’ म्हटलं तेव्हा तीच माणसं फार मागे पडली.

ओळखणं आणि आठवणं यांतलं हे अंतर फार महत्त्वाचं आहे. साठा असतो, धागा नसतो. ‘विसरलो’ असं आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा गोष्ट पुसली गेलेली नसते. तिच्यापर्यंत पोचण्याची वाट बुजलेली असते. ती वाट मोकळी ठेवण्याच्या ज्या युक्त्या आपल्या मुलखानं शोधल्या, त्यांचं मोल या आकड्यांमुळे कळतं.

वाट मोकळी ठेवण्याची कला

पहिली युक्ती म्हणजे पाठांतर. पैठण ही शतकानुशतकं वेदविद्येची पेठ. तिथल्या घनपाठाची रीत जवळून पाहू. पैठण, वेरूळ, देवगिरी असे तीन शब्द घेतले तर घनात ते असे म्हणावे लागतील: पैठण वेरूळ, वेरूळ पैठण, पैठण वेरूळ देवगिरी, देवगिरी वेरूळ पैठण, पैठण वेरूळ देवगिरी. तेरा शब्द झाले. मग पुढचा शब्द धरून पुन्हा तेरा. ऋग्वेदात दीड लाखांहून अधिक पदं आहेत. गुणाकार वीस लाखांजवळ जातो; अर्ध्या ऋचेवर साखळी तुटते, म्हणून प्रत्यक्षात आकडा काहीसा कमी भरतो. यातली खुबी अशी की प्रत्येक शब्दाला मागून, पुढून, दोन्हीकडून वाट तयार होते. एक जोड निसटला तर दुसरा हात देतो.

छत्रपती संभाजीनगरात रमजानच्या रात्री तरावीहच्या नमाजात हाफिज संपूर्ण कुराण मुखोद्गत म्हणतात. ११४ सूरह, ६,२३६ आयती, ७७ हजारांच्या आसपास शब्द. मागे उभे असलेले दुसरे हाफिज कान देऊन ऐकतात आणि एखादा शब्द चुकला तर तिथल्या तिथे दुरुस्त करतात. वारकऱ्यांच्या फडांवर कीर्तनकार हवा तो अभंग हवा तेव्हा काढतो. परंपरा वेगळ्या, पण सगळ्या एकाच गोष्टीवर उभ्या आहेत: पोथी मिटून म्हणून दाखवणं.

मानसशास्त्रज्ञांनी हेच मोजून पाहिलं. रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांच्या एका गटाला एक उतारा चारदा वाचायला दिला. दुसऱ्या गटानं एकदा वाचला आणि तीनदा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. आठवण बाहेर काढली की ती झिजत नाही, पक्की होते. परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तकावर पुन्हा पुन्हा नजर फिरवणाऱ्या प्रत्येक मुलाला हे सांगायला हवं.

अशा साधनेचा ठसा मेंदूवर उमटतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २१ वेदपाठी पंडितांच्या मेंदूचे एमआरआय त्याच वयाच्या २१ इतर पुरुषांशी ताडून पाहिले. पंडितांच्या मेंदूत भाषा, स्मृती आणि दृष्टी यांच्याशी निगडित अनेक भागांत करडं द्रव्य अधिक भरलं. त्यांनी तोंडपाठ केलेले ग्रंथ ४० हजार ते एक लाख शब्दांचे होते.

दुसरी युक्ती म्हणजे जागा. महानुभावांचा ‘स्थानपोथी’ नावाचा एक ग्रंथ आहे. चौदाव्या शतकात मुनिव्यास कोठी यांनी रचलेला. चक्रधरस्वामी जिथे जिथे राहिले, बसले, जेवले, त्या जागांची ती नोंद: देऊळ कुठल्या दिशेला, दार कुठे उघडतं, त्याच्या शेजारी काय. त्या जागांवर ओटे बांधले गेले आणि पंथीय आजही तिथे जाऊन माथा टेकतात. प्रसंग आठवायचा तर आधी जागा डोळ्यांपुढे आणायची, हे त्या लोकांनी ओळखलं होतं.

ज्या हिप्पोकॅम्पसमध्ये आठवणी बांधल्या जातात, त्याच अवयवात जागा ओळखणाऱ्या पेशीही आहेत. जॉन ओकीफ यांनी त्या १९७१ मध्ये शोधल्या आणि २०१४ मध्ये त्यांना या कामासाठी नोबेल मिळालं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात साध्या माणसांना सहा आठवडे, रोज अर्धा तास, ओळखीच्या वाटेवरच्या जागांवर शब्द मनानं ठेवत जाण्याचा सराव दिला. ७२ शब्दांच्या यादीतले आधी जेमतेम तीस आठवायचे. नंतर साठाच्या पुढे गेले. एकही पेशी वाढवली नव्हती. वाटा तेवढ्या घालून दिल्या होत्या.

आकड्यांना न पुरणारी गोष्ट

इतकं अफाट यंत्र आहे, तर मग आठवण खरीच असणार? इथेच सावध व्हायला हवं. आठवण प्रत्येक वेळी नव्यानं जुळवली जाते आणि जुळवताना तिच्यात आजचं काहीतरी मिसळतं. २८ जानेवारी १९८६ रोजी ‘चॅलेंजर’ हे अवकाशयान कोसळलं. दुसऱ्याच दिवशी उल्रिक नाइसर यांनी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं की बातमी कळली तेव्हा ते कुठे होते, काय करत होते. अडीच वर्षांनी त्यातल्या ४४ जणांना तेच पुन्हा विचारलं. ११ जणांचं उत्तर मुळाशी कुठेच जुळेना. पूर्णपणे जुळलं ते फक्त तिघांचं. आपल्या आठवणीबद्दलचा विश्वास मात्र बहुतेकांना भरपूर होता.

प्रश्न कसा विचारला यानंही आठवण वळते. एलिझाबेथ लोफ्टस यांनी १९७४ मध्ये मोटार अपघाताची एकच फीत सगळ्यांना दाखवली. पन्नास जणांना विचारलं, गाड्या एकमेकींवर ‘आदळून चक्काचूर झाल्या’ तेव्हा वेग किती होता? दुसऱ्या पन्नास जणांना विचारताना नुसतं ‘धडकल्या’ म्हटलं. आठवड्यानं सगळ्यांना विचारलं, फुटलेल्या काचा पाहिल्यात का? पहिल्या गटात १६ जण ‘हो’ म्हणाले, दुसऱ्यात ७ जण. फितीत काचा फुटलेल्याच नव्हत्या.

म्हणून मला हिराइसांच्या पाठांतराइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, त्यांच्या पंथाची शिस्त थोर वाटते. म्हाइंभटांनी स्वामींचे शिष्य नागदेवाचार्य यांच्याकडून लीळा ऐकल्या आणि तेवढ्यावर न थांबता, जो प्रसंग ज्याच्या समोर घडला त्याला शोधत ते गावोगाव गेले. पोथी हरवल्यावर ती पुन्हा जुळवताना एकाचं सांगणं दुसऱ्याशी जुळलं नाही, तर एकाला खोटं पाडून दुसऱ्याचं अंतिम सत्य मानलं नाही. कुणाच्या आठवणीत काय वेगळं आहे, ते त्या त्या नावासह नोंदवून ठेवलं. हिराइसांचा पाठ वेगळा, रामेश्वरबासांचा शोध वेगळा. सातशे वर्षांपूर्वी या माणसांना चेतासंधी ठाऊक नव्हत्या, पण आठवण माणसागणिक बदलते, आणि तरीही ती मोलाची असते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आज आपल्याला नेमकी याच शिस्तीची गरज आहे, आणि ती तातडीची आहे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला. त्या दिवशी बारा वर्षांचं असलेलं मूल आज नव्वदीच्या आसपास आहे. बहात्तरच्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडणाऱ्या विशीतल्या बायका आता सत्तरी ओलांडून गेल्या आहेत. वयाच्या विसाव्या वर्षी माणसाच्या मेंदूत वेष्टण चढलेल्या तंतूंची एकूण लांबी दीड लाख किलोमीटरच्या आसपास असते. डेन्मार्कमधल्या मोजणीनुसार ऐंशीपर्यंत त्यातली सुमारे ४५ टक्के घटते. पण तरुणपणी शंभरदा सांगितलेली गोष्ट त्या उरलेल्या तंतूंवरूनही वर येते, धागा मिळाला तर.

तो धागा आपण द्यायचा. आजोबांना घेऊन त्या चौकात, त्या वेशीपाशी, त्या जुन्या शाळेत जा. आजीला दुष्काळातल्या सुकडीबद्दल, मिलोच्या भाकरीबद्दल विचारा. ‘रझाकार आले तेव्हा तुम्ही घाबरला असाल ना?’ असं तोंडात शब्द घालून विचारू नका. ‘त्या दिवशी काय झालं?’ एवढंच विचारा आणि गप्प बसा. उत्तर यायला वेळ लागला तर लागू द्या. आतमध्ये काम चालू आहे. फोनवर ध्वनिमुद्रण करा. महिन्याभरानं तीच गोष्ट पुन्हा सांगायला लावा. शेजारच्या दुसऱ्या म्हाताऱ्या माणसाकडून तीच हकीकत ऐका. दोघांचं जुळलं नाही तर भांडण लावू नका, दोन्ही लिहा, ज्याचं त्याच्या नावावर. लीळाचरित्र अशाच रीतीनं आपल्यापर्यंत पोचलं आहे.